कसं वाटलं, सांग

बायकोने गुडघ्याचा पट्टा तिसऱ्यांदा आवळला तेव्हा कोलांट्याच्या तोंडून "आई गं!" निघालं, आणि नेमकं तेव्हाच दार वाजलं.

"उघडंच आहे, या आत," बायको बसल्या जागेवरून ओरडली. नवऱ्याचा डावा पाय तिच्या मांडीवर होता आणि दोन्ही हात पट्ट्यात गुंतले होते.

दारात वहिनी उभ्या होत्या. साहेबांच्या पत्नी. चाळीस वर्षांत त्यांनी या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, आणि आज लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले चढून, धापा टाकत, एकट्या आल्या होत्या. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. कोलांट्या उठायला गेला तर बायकोने पाय दाबून धरला.

"बसा. त्या काही परक्या नाहीत," ती म्हणाली. आणि ते अशा आवाजात म्हणाली की समोरच्याला आपण किती परके आहोत ते बरोबर कळावं.

एक काळ असा होता की साहेब म्हणजे कोण, हे कुणाला सांगावं लागत नसे. तपकिरी चामड्याचं जाकीट घालून पुलावरून, छपरावरून, धावत्या मालगाडीवरून उड्या टाकणारा पडद्यावरचा वीर. पाच भाग निघाले, पाचही तुफान चालले. प्रत्येक जाहिरातीत ठळक अक्षरांत एक ओळ ठरलेली: सर्व साहसदृश्यं नायकाने स्वतः केली आहेत. आता खरं काय ते सांगायचं तर साहेबांना साध्या स्टुलावर चढलं तरी घेरी यायची. उड्या मारायचा तो त्यांचा डमी, हा कोलांट्या. उंची तीच, खांदे तेच, चेहरा मात्र देवाने घाईत उरकलेला. कॅमेरा पाठीमागे असला की कोलांट्या, तोंडासमोर आला की साहेब. हे बाहेर बोलायचं नाही, असं करारात लिहिलेलं होतं. कराराची मुदत केव्हाच संपली, तरी हा पठ्ठ्या मूग गिळून बसलेला. नातेवाइकांत कुणी पुलावरच्या उडीचं कौतुक केलं की हाही मान डोलवायचा आणि म्हणायचा, "हो ना, काय धाडस!" बायको त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

वहिनींनी पाणी घेतलं, पेला खाली ठेवला.

"सहावा भाग काढतायत," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," कोलांट्या म्हणाला. "जुन्या निर्मात्याचा मुलगा, तो धाकटा निर्माता, आला होता इथे."

"तुम्हाला पण बोलावलंय ना?"

बायकोच बोलली. "बोलावलंय की. नुसतं बोलावलं नाही, पत्र दिलंय. साहसदृश्यांचे गुरू म्हणून यांचं नाव घालणार आहेत पडद्यावर. सगळ्यात आधी. कोलांट्या नव्हे हो, आईबापांनी ठेवलेलं नाव. साहेब आले तर चित्रपट, आणि चित्रपट निघाला तर नाव. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आलेत." पत्र औषधांच्या खणात होतं. तिने ते आठवड्यात दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आणि स्वतःचं पूर्ण नाव ऐकताना कोलांट्याला दोन्ही वेळा वाटलं होतं, की हा कोण बुवा गृहस्थ, बरा दिसतोय.

"आज चार वाजता सही आहे," वहिनी म्हणाल्या. "हे हो म्हणून बसलेत. आणि उडी स्वतः मारणार म्हणतात. पुलावरून. दोर न बांधता."

कोलांट्या हसला. "साहेब? अहो, गंमत करत असतील तुमची."

"परवा गॅलरीच्या कठड्यावर चढून उभे होते. दुसऱ्या मजल्यावर. सराव करतोय म्हणाले. मी मागून कमरेला मिठी मारली, म्हणून आज इथे बसलेय."

पट्ट्यावरचे बायकोचे हात थांबले.

"पण त्यांना घेरी येते ना?" तिने विचारलं.

"घेरी येते, हे विसरलेत," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली. सकाळचं दुपारी आठवत नाही, जेवण झालेलं आठवत नाही, धाकट्या बहिणीला परवा मावशी म्हणाले. जुनं तेवढं लख्ख आठवतं. डॉक्टर म्हणतात, असंच होतं, जुनं शेवटी जातं.

"पण जुनं म्हणून जे आठवतं ना," वहिनींची नजर कोलांट्याच्या गुडघ्याकडे गेली, "ते तुमचं आहे."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी त्याला येऊ दे, येऊ दे म्हणत होता.

"निर्मात्याला सांगा ना सरळ," बायको म्हणाली.

"त्याला थोडंफार ठाऊक आहे. तो म्हणतो, काकू, शूटिंगला डॉक्टर ठेवू. आणि चित्रपट राहिला बाजूला हो. कठडा काही शूटिंगसाठी थांबणार नाही. हे उद्या पुन्हा चढतील." वहिनींनी हात जोडले नाहीत, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. "माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

बायकोने पट्ट्याची कडी अडकवली आणि नवऱ्याचा पाय जमिनीवर ठेवला. "मग सांगून टाका की एकदाचं खरं. उड्या तुम्ही मारल्यात, हाडं तुमची मोडलीत, आणि साहेब आयत्या बिळावर नागोबा! कुणी तोंडावर सांगितलंच नाही कधी, म्हणून झालं हे सगळं."

कोलांट्याने वहिनींकडे पाहिलं.

"सांगा," वहिनी म्हणाल्या. "मी अडवणार नाही."

वहिनींच्या गाडीतून तिघं निघाली. बंगल्यापाशी आल्यावर बायको म्हणाली, "मी इथेच बसते. त्या घरात मी पाय ठेवणार नाही." कोलांट्याने आग्रह केला नाही. फाटकापासून पायरीपर्यंत तो पावलं मोजत गेला. उगाच नव्हे. उडी मारणारा माणूस अंतर आधी मोजतो आणि मग बाकीचं बोलतो, ती खोड काही जात नाही. छत्तीस भरली. लंगडत चालल्यामुळे दोन-चार जास्तच झाली असतील.

साहेब वरच्या खोलीत खुर्चीत बसले होते, अंगात ते जाकीट. खांद्यांवरून ते आता ओघळत होतं. गॅलरीच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली वहिनींच्या कमरेला.

"कोलांट्या!" साहेब एकदम उठले. चांगले ताठ उठले, पाय त्यांचे खणखणीत होते. "ये, ये. तुझीच वाट बघत होतो. आपण परत उडायचं, कळलं का? पेपरात लोकांची मतं मागवली होती. शंभरातले ऐंशी म्हणतात, साहेब, परत या."

"लोकांचं काय जातंय, साहेब."

"असं कसं? अरे, पुलाचं आठवतं का तुला? साठ फूट! हिवाळ्याचे दिवस. कठड्यावर उभं राहिलं की आधी पोटात गार पडतं. एक मोठा श्वास घ्यायचा आणि अर्धा सोडायचा. मग पाय सोडायचा, उडी नाही मारायची, नुसता पाय सोडायचा. कानात शिट्टी वाजते. आणि खाली पाणी नसतंच रे, फरशी असते. फरशी फुटते आणि मग पाणी लागतं."

कोलांट्या ऐकत राहिला. शब्द न् शब्द ओळखीचा होता. का नसेल? त्याचेच होते ते.

त्या दोघांची कामाची एक रीत होती. पहिल्या भागाच्या वेळी निर्मात्याकडे जाकीट एकच. साहेब ते अंगातून काढून द्यायचे, कोलांट्या ते चढवून उडी मारायचा, आणि धुळीने माखलेलं, ओलंचिंब, जसं असेल तसं परत साहेबांच्या अंगावर. पण त्याआधी साहेब त्याला बाजूला घ्यायचे. स्वतःच्या हाताने अंगावर ब्लँकेट टाकायचे, गरम चहा द्यायचे, समोर उकिडवे बसायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "आता सांग. कसं वाटलं?" कोलांट्या सांगायचा. कुठे गार पडलं, कुठे जळलं, काय ऐकू आलं. साहेब मिटल्या डोळ्यांनी सगळं आत घ्यायचे, मग उठून कॅमेऱ्यासमोर जायचे, आणि चेहऱ्यावर ते जसंच्या तसं उमटायचं. टीकाकारांनी त्यांना नट म्हणून कधी भाव दिला नाही. कोलांट्याला मात्र ते बघताना दर वेळी अंगावर काटा यायचा, की अरे, हे तर माझं आहे, आणि माझ्यापेक्षा बरं आहे. पाच भाग हे असं चाललं. आत घेतलेलं ते जाणार कुठे? आत साठलं, आणि वरचं सगळं वाहून गेल्यावर तळाशी तेवढंच उरलं.

वहिनी चहा घेऊन आल्या, कप ठेवले आणि दारापाशीच उभ्या राहिल्या.

"साहेब," कोलांट्या म्हणाला. "ती उडी मी मारली होती."

साहेब हसले. मग हसायचे थांबले.

"तू?"

"हो. ती, आणि पाचही भागांतल्या बाकीच्या सगळ्या. तुम्हाला उंचीची भीती वाटते. पहिल्यापासून."

"मग मी कुठे होतो?"

"खाली. काठावर. ब्लँकेट घेऊन."

साहेबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, तळवे उलटेसुलटे केले, जणू तिथे काही लिहिलेलं सापडेल. "म्हणजे मी काहीच केलं नाही?" त्यांचा आवाज लहान झाला होता. "एवढी माणसं रे. पत्रं येतात मला अजून. आणि मी काहीच नाही केलं?"

हा क्षण कोलांट्याने मनात हजारदा रंगवला होता. साहेबांना तोंडावर सांगायचं, आणि त्यांचा चेहरा बघायचा. आता तो चेहरा समोर होता आणि त्याला स्वतःची किळस आली. जत्रेत हरवलेल्या पोराच्या थोबाडीत मारावी तसं झालं होतं ते. साहेब रडत होते, आवाज न करता, नाक जाकिटाच्या बाहीला पुसत होते. वहिनींनी दाराकडे तोंड फिरवलं.

मग साहेब खिडकीकडे बघत बसले. बाहेर माळी नळी गुंडाळत होता. ते वळले तेव्हा गाल ओले होते, पण ते कशाने, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"अरे, कोलांट्या!" ते म्हणाले. "कधी आलास? बस ना, उभा का? पुलाचं आठवतं का रे तुला? साठ फूट! आधी पोटात गार पडतं..."

चहाच्या कपातून अजून वाफ येत होती. चाळीस वर्षं दाबून ठेवलेलं खरं तेवढा वेळसुद्धा टिकलं नव्हतं.

कोलांट्याने पूर्ण ऐकून घेतलं, फरशी फुटेपर्यंत. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. तो खुर्ची पुढे ओढून साहेबांच्या अगदी समोर बसला.

"साहेब, गोदामाची उडी आठवते? तिसरा भाग. कौलारू छपरावरून पलीकडच्या छपरावर."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "गोदाम... गोदाम होतं खरं. पण उडी नाही आठवत."

आठवणार कशी? ती सांगितलीच नव्हती. त्या दिवशी कोलांट्याला तिथून थेट इस्पितळात नेलं होतं, आणि साहेबांना पहिल्यांदाच नुसत्या अंदाजाने काम उरकावं लागलं होतं. साडेतीन महिन्यांनी परत आल्यावर, कसं वाटलं, हे विचारण्यात काही अर्थ उरला नव्हता.

"सांगू?" कोलांट्या म्हणाला.

"थांब." साहेबांनी कप बाजूला सारला, पाठ सरळ केली आणि डोळे मिटले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. "हं. आता सांग. कसं वाटलं?"

"धावत येताना सगळं ठीक असतं. शेवटच्या पावलाला कौल सुटतं. डावा पाय खाली जात नाही, बाजूला जातो. आणि साहेब, आवाज आधी येतो, दुखणं मागून येतं. कट्ट आवाज होतो, वाळक्या फांदीचा. आपल्याला वाटतं, कौलच फुटलं. मग खाली बघतो तर पाऊल भलत्याच बाजूला तोंड करून असतं."

साहेबांचे ओठ आवळले गेले.

"मग सळई घालतात गुडघ्यात. बोटाएवढी जाड. थंडीत आधी सळई गार पडते, मग हाड. जिना चढताना काही नाही, उतरताना प्रत्येक पायरी मोजावी लागते. रात्री कूस बदलायची तर पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवायचा, दुसऱ्याची वस्तू असल्यासारखा. रोज सकाळी पट्टा आवळायचा आणि बायकोला सांगायचं, आज बरं आहे. रोज. तिला खोटं कळतं, तीही काही बोलत नाही. आणि कुणी विचारलं, काय झालं पायाला, तर म्हणायचं, घसरलो न्हाणीत."

हे सगळं त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. थांबला तेव्हा त्याचा श्वास फुलला होता, आणि साहेबांचा डावा हात हळूहळू सरकत स्वतःच्या गुडघ्यावर येऊन थांबला होता.

"हा?" साहेबांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

दारातून वहिनी बघत होत्या. कोलांट्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हाच," तो म्हणाला. "डॉक्टरांनी बजावलंय, साहेब. पुन्हा उंचावर चढायचं नाही. पूल सोडा, कठडा नाही की स्टूल नाही. चढलात तर पाय काढावा लागेल."

साहेबांनी डोळे उघडले. गुडघा दोन्ही हातांनी चाचपला.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच सकाळी उठताना कळ येते."

चारला पाच मिनिटं कमी असताना धाकटा निर्माता आला, हातात कागदांची फाइल, बगलेत फुलांचा गुच्छ. साहेब त्याला भेटायला उठले. आधी खुर्चीच्या हाताला धरलं, उजव्या पायावर भार घेतला, दात आवळले, मग डावा पाय किंचित बाहेरून फिरवून पुढे टाकला. कोलांट्या बघत राहिला. टाच आधी, मग चवडा, मग कमरेचा तो हलका झोका. एकाही पावलाला चूक नाही. इतकं चोख काम त्यांनी पडद्यावरही केलं नव्हतं.

"जमायचं नाही," साहेब म्हणाले. "सळई आहे गुडघ्यात. तिसऱ्या भागापासून. आजवर कुणाला बोललो नाही, पण आता डॉक्टर ऐकेनात."

निर्मात्याचे डोळे भरून आले. त्याच्या वडिलांनीही हे त्याला कधी सांगितलं नव्हतं म्हणे. त्याने साहेबांचे हात धरले, दोरीचं, संगणकाचं, काय काय बोलून पाहिलं. साहेब मान हलवत राहिले. शेवटी त्याने फाइल मिटली आणि निघताना कोलांट्याजवळ थांबला.

"काका, साहेब नाहीत म्हणजे मग चित्रपटच... तुमच्या नावाचं मी—"

"कळलं," कोलांट्या म्हणाला. "जा तुम्ही."

तोही उठला. उशीर झाला होता, बायको गाडीत ताटकळत होती. साहेब त्याला सोडायला जिन्यापर्यंत आले, एक हात भिंतीवर टेकवत. वहिनी मागे होत्या. त्यांनी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. कोलांट्या कठडा धरून एकेक पायरी उतरू लागला, डावा पाय आधी, मग उजवा त्याच्या जोडीला.

"ए," वरून साहेब म्हणाले. "तू का लंगडतोयस?"

कोलांट्या थांबला.

"माझी नक्कल करतोस काय रे?" साहेब हसत होते, पण डोळ्यांत थोडं दुखावल्यासारखं होतं. "मेलेल्याला मारू नये."

"सवय आहे, साहेब," कोलांट्या म्हणाला. "इतकी वर्षं तेच केलं ना."

"आता पुरे कर."

"हो."

उरलेल्या पायऱ्या तो सरळ उतरला. दाराबाहेर आला. फाटकापर्यंत छत्तीस पावलं, आणि साहेब वरून बघणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एक मोठा श्वास घेतला, अर्धा सोडला. पाठ ताठ, मान वर, गुडघा न वाकवता पण वाकल्यासारखा दिसेल असा पाय टाकत तो चालला. दहाव्या पावलाला डोळ्यांपुढे पांढरं झालं. विसाव्याला घामाने शर्ट पाठीला चिकटला. माळी बाजूला सरकला आणि त्याने सलाम केला. तिसाव्याला फाटकच आलं, पावलं आज कमी लागली होती.

बायको गाडीतून उतरून उभी होती. तिने त्याला असं चालताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं. तो जवळ येताच तिने काही न विचारता काखेत हात घातला.

"सांगितलंत का?"

"सांगितलं. सगळं."

"ऐकलं त्यांनी?"

"ऐकलं."

तिने मान वर करून बंगल्याकडे पाहिलं. गॅलरीचं दार आता उघडं होतं. साहेब बाहेर आले होते, कठड्यापासून चांगले चार हात लांब, खांबाला धरून, सगळा भार उजव्या पायावर. त्यांनी हात हलवला आणि मग तोच हात डाव्या गुडघ्यावर दाबून धरला.

"अगंबाई," बायको म्हणाली. "त्यांच्या पायाला काय झालं?"

कोलांट्या गाडीच्या दाराला धरून खाली बसला.

"जुनं दुखणं आहे," तो म्हणाला. "पट्टा सोड जरा."